वडखळच्या घरातला चुकलेला तक्ता: लॅपटॉपच्या स्वस्त ग्राफिक्स चिपांच्या तुलनेचा इतिहास

‘विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न मी आजवर दोनदा लिहिलाय, एकदा पेटच्या तयारीत आणि एकदा कोर्सवर्कच्या परीक्षेत. दोन्ही वेळा मार्क बरे मिळाले. तो फरक खरा कळला मात्र मे महिन्यात, वडखळला मामाच्या घरी, घामानं भिजलेल्या अवस्थेत.

झालं असं. मामेभावाला लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि लॅपटॉप हवा होता. अभ्यासासाठी, असं तो मामाला सांगत होता. गेमसाठी, असं मला. मामाची नाक्यावर छोटी टपरी आहे, अलिबागचा फाटा फुटतो तिथून जवळच. पन्नास-साठ हजार एकरकमी काढणं म्हणजे त्याच्यासाठी वर्षाचा हिशेब. तो मला म्हणाला, “बाय, तू कॉम्प्युटरवरच पीएचडी करतेस ना? मग तूच सांग कुठला घ्यायचा.” माझा विषय संगणकाच्या वापराचा इतिहास आहे, लॅपटॉप खरेदी नाही, पण हे मामाला समजावण्यापेक्षा तुलना करणं सोपं वाटलं. घरात दोन लॅपटॉप होते. माझा जुना, ज्यात स्वतंत्र ग्राफिक्स चिप आहे, आणि भावाच्या मित्राचा नवा, ज्यात प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आहे. दोन्हीवर एकच गेम, एकच सीन, एकच सेटिंग, आणि दर वेळी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात तो आकडा, वहीत लिहायचा. प्रत्येकी तीन वेळा. तिन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखे आले आणि नव्यानं जुन्याला सपशेल हरवलं. मामाला सांगून टाकलं, “वेगळ्या चिपवर पैसे घालवू नकोस.” वर त्याच तक्त्याची एक स्लाइड करून संशोधन पद्धतीच्या सादरीकरणात लावली.

मॅडमनी स्लाइड बघितली. जरा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “त्या दिवशी लाईट होती का गं?”

नव्हती. दुपारी गेलेली ती संध्याकाळपर्यंत आली नव्हती. नवा लॅपटॉप मित्राच्या घरून, इन्व्हर्टरवर लावून आणला होता आणि माझ्याकडे येताच पहिल्यांदा त्याचंच मोजून घेतलं होतं, लाईट जायच्या आत. माझा बॅटरीवर चालला. बहुतेक लॅपटॉप बॅटरीवर असताना ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज मुद्दाम कमी करतात, कारण बॅटरीला तेवढा भार झेपत नाही. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तीच चूक तितक्याच नेमकेपणानं मोजली. आकडे विश्वसनीय होते, सप्रमाण नव्हते.

नंतर मी या प्रकाराचा इतिहास शोधायला बसले, थोडं स्वतःच्या समाधानासाठी. म्हटलं, अशी चूक करणारी मी पहिली नसेन. नव्हतेच. स्वस्त लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपांची तुलना हा गेल्या वीसेक वर्षांत सारखा फसत आलेला प्रयोग आहे, आणि तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी फसलाय. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात जे आपण कोरडं वाचतो ते सगळं इथं घडलेलं सापडतं.

आधी हे बघा की लॅपटॉपमध्येच हा प्रश्न इतका तापला का. डेस्कटॉपचा काळ आठवा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जोडून घ्यायचा आणि ग्राफिक्स कार्ड कमी पडलं तर दोन वर्षांनी ते काढून दुसरं बसवायचं. निवड चुकली तरी दुरुस्त करता यायची. लॅपटॉपमध्ये, निदान स्वस्त लॅपटॉपमध्ये, ग्राफिक्स चिप मदरबोर्डावर कायमची डाग देऊन बसवलेली असते. एकदा घेतलं की घेतलं. त्यामुळे विकत घेण्याआधीची तुलना हीच शेवटची संधी, आणि म्हणून आकड्यांना एवढं वजन आलं.

२००६ च्या सुमाराचे बरेच साधे लॅपटॉप इंटेलच्या ‘जीएमए ९५०’ या अंगभूत ग्राफिक्सवर चालायचे. त्याची स्वतःची मेमरी नव्हती, मुख्य रॅममधूनच वाटा घ्यायचा. त्रिमितीय आकृत्यांचे कोपरे हलवण्याचं गणितही ते स्वतः करत नसे, प्रोसेसरवर ढकलायचं. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ चालायचं, नवीन काही लावलं की स्लाइड शो. त्या काळात तुलना सोपी होती: ‘ऑनबोर्ड’ आहे की ‘कार्ड’ आहे. दोनच जाती.

मग स्वतंत्र चिप असलेले लॅपटॉप मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला लागले आणि दुकानातला प्रश्न बदलला: “किती जीबीचं ग्राफिक्स आहे?” हा प्रश्न तुम्हीही विचारला असेल, मीही विचारलाय. तो मोजायला सोपा आहे आणि बहुतेक वेळा निरुपयोगी. चिपला चित्राचा माल किती साठवता येतो यापेक्षा तो किती वेगानं आत-बाहेर करता येतो हे गेममध्ये जास्त महत्त्वाचं. २०१६ ची एन्व्हिडियाची ‘जीफोर्स ९४०एमएक्स’ घ्या. ही चिप दोन प्रकारच्या मेमरीसोबत विकली गेली. मेमरीकडे जाणारा रस्ता दोन्हीत ६४ बिटांचाच, पण डीडीआर३ मेमरी असेल तर सेकंदाला सुमारे १६ जीबी माल जायचा आणि जीडीडीआर५ असेल तर सुमारे ४० जीबी. अडीच पट फरक, आणि नाव तेच, ‘२ जीबी’ किंवा ‘४ जीबी’चा स्टिकरही तोच. पेणच्या गणपती कारखान्यात एकाच साच्यातून शाडूची मूर्तीही निघते आणि प्लास्टरचीही. रंग दिल्यावर लांबून कळत नाही, उचलल्यावर कळतं.

इथं चुकलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगायची तर निर्देशक चुकला होता. मोजायचं होतं काम, मोजलं गेलं गोदाम. असा निर्देशक लबाडीनंच निवडला जातो असं नाही. तो सहज दिसतो, बोलायला सोपा असतो, म्हणून रूढ होतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘शैक्षणिक प्रगती’ मोजायला तुम्ही काय धरलंय ते एकदा बघून या, मी थांबते.

नावाचा गोंधळ मात्र याहून जुना आणि खोल आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तो खास आवडेल. २०१२ मध्ये ‘जीटी ६४०एम एलई’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपा आल्या, एक जुन्या ‘फर्मी’ रचनेची, एक नव्या ‘केप्लर’ रचनेची. २०१५ मध्ये ‘९२०एम’ आणि ‘९३०एम’ ही शेजारशेजारची नावं वाचून वाटावं की थोडाच फरक असेल. प्रत्यक्षात पहिली केप्लर, दुसरी त्यापुढच्या ‘मॅक्सवेल’ पिढीची. म्हणजे नावातला आकडा क्रम दाखवतो हे आपणच धरून चाललो होतो.

सगळ्यात बोलकं प्रकरण ‘एमएक्स१५०’चं. ही चिप मे २०१७ मध्ये आली. पातळ, हलक्या, परवडणाऱ्या लॅपटॉपमध्ये थोडंफार गेमिंग व्हावं यासाठी, आणि कौतुकही भरपूर झालं. मार्च २०१८ मध्ये ‘नोटबुकचेक’ या लॅपटॉप तपासणाऱ्या संकेतस्थळानं एक विसंगती मांडली: काही लॅपटॉपमधली एमएक्स१५० इतरांपेक्षा सातत्यानं हळू चालत होती. कारण शोधताना त्यांनी चिपच्या आतला ओळख क्रमांक बघितला, ज्याला डिव्हाइस आयडी म्हणतात. काहींत तो १डी१० होता, काहींत १डी१२. पहिली २५ वॅटची, कमाल वेग १५३१ मेगाहर्ट्झच्या आसपास. दुसरी १० वॅटची, कमाल वेग १०३८च्या आसपास. दोन्हींत गणित करणारे कोअर तेच ३८४, खोक्यावर नाव तेच. नुसता वेगाचा आकडा धरला तरी दुसरी जवळजवळ एक तृतीयांशानं मागे.

मला यातलं सापडणं जास्त महत्त्वाचं वाटतं. मधले दहा महिने आकडे सगळ्यांच्या समोर होते. वेगवेगळ्या परीक्षणांत एमएक्स१५० चे वेगवेगळे निकाल येत होते, आणि वाचणारे त्याचं खापर लॅपटॉपच्या पंख्यावर, ड्रायव्हरवर, गेमच्या सेटिंगवर फोडत होते. विसंगती ‘गोंगाट’ म्हणून बाजूला पडत होती. कुणीतरी म्हटलं की हा गोंगाट नाही, हे दोन वेगळे गट आहेत, तेव्हा उलगडा झाला. तुमच्या विदेत दोन ढीग दिसत असतील तर सरासरी काढण्याआधी थांबा.

हे वाचताना मला वि. का. राजवाडे आठवत होते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी काढला, १७५० ते १७६१ मधल्या पत्रांचा, आणि बखरींवर विसंबून लिहिलेल्या इतिहासाला अस्सल कागदांपुढे उभं केलं. बखर म्हणजे खोटंच असं नाही, पण ती नंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाला तरी खूश ठेवत लिहिलेली असू शकते. लॅपटॉपवरचा स्टिकर ही बखर आहे. डिव्हाइस आयडी हा अस्सल कागद. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी बघितला की तो कागद एका मिनिटात हातात येतो, मंडळात जाऊन रुमाल सोडावे लागत नाहीत. तरी बघतो कोण?

पण अस्सल कागद मिळाला तरी काम संपत नाही, कारण मोजणीच बिघडवता येते. यासाठी थोडं मागं, डेस्कटॉपच्या जमान्यात जावं लागेल. २००१ मध्ये एटीआयच्या ‘रेडिऑन ८५००’ कार्डावर ‘क्वेक ३’ हा गेम चांगला पळत होता. परीक्षकांनी गेमच्या फाइलमध्ये जिथं जिथं ‘क्वेक’ होतं तिथं ‘क्वॅक’ केलं. बाकी काही बदललं नाही. वेग घसरला आणि चित्र मात्र सुधारलं. म्हणजे ड्रायव्हर गेमचं नाव ओळखून, चित्राचा दर्जा गुपचूप उतरवून वेग वाढवत होता. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. एकच चल बदललं, तेही ज्याचा निकालाशी काही संबंध असायला नको असं.

दोन वर्षांनी एन्व्हिडियाची पाळी आली. ‘थ्रीडीमार्क०३’ हा खास तुलनेसाठी बनवलेला कार्यक्रम, फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीचा. त्यात कॅमेरा रुळावरून गेल्यासारखा ठरलेल्या वाटेनं फिरतो. मे २००३ मध्ये लक्षात आलं की कॅमेरा त्या वाटेवरून खाली उतरवला तर एन्व्हिडियाच्या कार्डावर दृश्य फाटतं, कारण वाटेवरून न दिसणारा भाग ड्रायव्हर रंगवतच नव्हता. पेपर आधीच फुटलेला, तेवढेच धडे पाठ केलेले. फ्यूचरमार्कनं कार्यक्रम दुरुस्त केला तेव्हा ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’चे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले, एटीआयच्या ‘९८०० प्रो’चे सुमारे २ टक्क्यांनी. पुढचं जास्त शिकवणारं आहे. फ्यूचरमार्कनं आधी याला फसवणूक म्हटलं होतं. जूनच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांचं संयुक्त निवेदन आलं आणि त्याच गोष्टीचं नाव झालं ‘विशिष्ट कार्यक्रमासाठी केलेलं अनुकूलन’. आकडे तेच राहिले, शब्द बदलला. इतिहासकारानं दोन्ही कागद जपून ठेवावेत असे आहेत.

बरं, समजा कुणीच लबाडी केली नाही. तरी सरासरी फसवते. २०११ पर्यंत जवळजवळ सगळे परीक्षक सेकंदाला सरासरी किती चित्रं एवढंच छापत. त्या वर्षी ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले ते मांडायला सुरुवात केली. का, ते वहीवर करून बघा. एका सेकंदात ५९ चित्रं प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि एकाला ४१० मिलिसेकंद लागले, तर बेरीज १००० होते आणि सरासरी ६० एफपीएस. कागदावर झकास, खेळताना मात्र ऐन वेळी पाऊण श्वास अडकल्यासारखं. पेण ते वडखळ हायवेनं रोज जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, खड्डा सरासरीत दिसत नाही.

त्याच हायवेवर दुसरी गंमत आहे. जाताना ताशी ६० नं गेलात, येताना ट्रेलरांच्या रांगेत अडकून २० नं आलात. सरासरी वेग किती? ४० म्हणणारे चुकले. ३० आहे, कारण २० च्या वेगानं तुम्ही तिप्पट वेळ रस्त्यावर होता. दोन गेमचे एफपीएस मिळवून दोनानं भागणं ही तीच चूक. माझ्या वहीत ती पण होती, मॅडमच्या ती नजरेतून सुटली, मी इथं कबूल करतेय.

अलीकडचा काळ पटकन सांगते. २०२१ च्या ‘आरटीएक्स ३०५० लॅपटॉप’ला कंपनीनंच ३५ ते ८० वॅट असा पट्टा दिला. त्याप्रमाणे कमाल वेग १०५७ पासून १७४० मेगाहर्ट्झपर्यंत. आता फरक लपलेला नाही, छापलेला असतो, फक्त ‘३०५०’ हे नाव त्या पट्ट्यात कुठं बसतं ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. आणि ज्यांची स्वतंत्र चिपच नाही त्यांचं काय? इंटेलचं ‘आयरिस एक्सई’ २०२० मध्ये आलं तेव्हा एक मजेदार अट होती. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, म्हणजे मेमरीकडे दुपदरी रस्ता असेल, तरच ते स्वतःला आयरिस एक्सई म्हणवतं. एकच पट्टी असेल तर तीच चिप, तोच लॅपटॉप, पण नाव दिसतं साधं ‘यूएचडी ग्राफिक्स’. एमएक्स१५० मध्ये एका नावाखाली दोन वस्तू होत्या; इथं एका वस्तूला दोन नावं. निदान इथं नाव परिस्थिती तरी सांगतं.

हे सगळं वाचून झाल्यावर पुन्हा वडखळला गेले. या वेळी लाईट होती. दोन्ही लॅपटॉप चार्जर लावून मोजले आणि क्रम उलटला: माझा जुना पुढे. मामाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मग मित्राच्या परवानगीनं त्याच्या लॅपटॉपचं झाकण उघडलं. रॅमची एकच पट्टी, शेजारचा खाचा रिकामा. भावानं कुठून तरी तसलीच पट्टी उसनी आणली. ती बसवल्यावर नवा इतका वर आला की दोघांतला फरक डोळ्यांना कळेना. मग म्हटलं तासभर चालू ठेवून बघू. पत्र्याखालची खोली, दमट हवा, हायवेच्या धुळीनं अर्धा बुजलेला माझा पंखा. तासाभरानं माझा घसरला आणि नवा पुन्हा पुढे. म्हणजे मी आधी काढलेला निष्कर्ष योगायोगानं बरोबरही ठरू शकतो, पण ज्या कारणासाठी मी तो काढला होता त्या कारणासाठी नाही.

मामा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “म्हणजे ठरलं काय?” मी म्हटलं, कुठली चिप ते नंतर, आधी चार्जर किती वॅटचा, चिपला किती वॅट दिलेत, रॅमचा दुसरा खाचा आहे का आणि हवा बाहेर जायला जागा आहे का, हे बघू. भावाचं तोंड पडलं, त्याला चिपचं नाव ऐकायचं होतं. पनवेलला तिघं गेलो, त्यानं पैसे देण्याआधी काउंटरवरच डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं. दुकानदार हसला, पण उघडून दिलं.

राहिला माझा तक्ता. मला तो प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यातून गुपचूप काढून टाकायचा होता. मॅडमनी काढू दिला नाही. मे महिन्यातला ड्रायव्हर मधल्या काळात आपोआप बदललाय, उसनी पट्टी परत गेलीय, त्यामुळे ते आकडे आता कुणालाच परत मिळणार नाहीत, मलाही नाही. तो परिशिष्टात आहे, एक आडवी रेघ मारलेला, खाली टीप: पहिला लॅपटॉप चार्जरवर, रॅमची एक पट्टी, दुसरा बॅटरीवर, लाईट नव्हती.